त्रिंबक मास्तरांची मोजणी

"बी उरलं, मास्तर! दोन शेर बी उरलं!"

"उरलं तर दळून आण आन् भाकरी करून खा."

"भाकरीचं न्हाई ओ. माझ्या जुन्या वावरात धा शेर ज्वारी पेरली की हात झटकून मोकळा व्हायचो. ह्या नव्या वावरात आठ शेरातच पेरणीचं शेवटचं तास संपलं. कावून?"

"कावून म्हंजे? तुझी मूठ घट्ट झाली असंल."

"बावीस वर्सं पेरताना चाड्यावर मूठ माझीच हाय. झोपंत पेरलं तरी तशीच पडंल, एक दाना हिकडं न्हाई, एक दाना तिकडं न्हाई!"

"आन् मी एकोणीस वर्सं गणित शिकवतोय बे! तुझं जुनं वावर चाळीस काठ्या लांब, तीस काठ्या रुंद. हे नवं वावरबी चाळीस काठ्या लांब, तीस काठ्या रुंद. चाळीस गुणिले तीस बाराशे. हिकडं बाराशे, तिकडं बाराशे. तुझ्या मुठीसाठी मी आता गुणाकार बदलू का?"

बंकटनं डोक्यावरचं मुंडासं काढलं, झटकलं, परत बांधलं. दुसरं काही सुचेना की तो हेच करायचा. मारुतीच्या देवळाच्या ओसरीत बसलेली सतरा पोरं पाट्या पोटाशी धरून खुशीत ऐकत होती. हे भांडण दर आठ दिवसांनी व्हायचं आणि झालं की त्या दिवशी पाढे व्हायचे नाहीत.

भांडणाला सहा महिने झाले होते. खडकदरी हे धारूरच्या डोंगराखालचं गाव. बंकट मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला, वाडवडिलांनी कमावलेलं एकच वावर त्याच्या नावावर होतं. ते अर्जुनराव पाटलांच्या विहिरीला लागून. पाटलांची एक जमीन ओढ्याला लागून, तिथं बंकटच्या मेंढरांना पाणी जवळ. "अदलाबदल करू," पाटील म्हणाले. "करू," बंकट म्हणाला. मग मोजायला कोण? मोजायला त्रिंबक मास्तर. त्यांनी दोन्ही वावरांच्या चारी बांधांवरनं मोजणीची काठी उलटीपालटी टाकत नेली, आकडे मांडले, दोन्ही वावरं सारखी आहेत असं चावडीत मोठ्यानं सांगितलं आणि कागदावर सही ठोकली. साखर वाटली गेली. मास्तरांना दोन मुठी मिळाली.

मास्तरांना ही मोजणी एका म्हाताऱ्या पटवाऱ्यानं शिकवली होती. चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या, निम्म्या करायच्या, आणि ते दोन निम्मे एकमेकांनी गुणायचे. झालं क्षेत्र. मास्तरांनी तोच कायदा एकोणीस वर्षं पोरांना घोकायला लावला. गावातला प्रत्येक शहाणा माणूस कधीतरी त्यांच्यापुढं मांडी घालून तो कायदा ओरडलेला होता, त्यामुळं मास्तर चुकले असं म्हणणारा गावात बंकटशिवाय कोणी नव्हता. बंकट शाळेत गेलाच नव्हता.

मास्तर होते तरी कसे? अंगानं काटकुळे, आवाजानं दणदणीत. चालताना पावलांच्या तालावर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पुटपुटत. म्हशीची धार काढतानासुद्धा. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "म्हशीला इचारलं तर तीबी सांगंल, बे औट सात." पाढ्यांत त्यांना हरवणारा धारूरपासून उमापूरपर्यंत कोणी नव्हता, आणि हे ते कुणालाही, न विचारता सांगत.

तर निजामी फसली तेराशे अडतीसच्या, म्हणजे १९२९च्या, त्या चैत्रात, बंकट मुंडासं बांधत असतानाच, शिपाई हुकूम घेऊन आला. हुकूम उर्दूत. मास्तरांनी वाचला, परत वाचला.

"काय म्हनतंय सरकार?" बंकटनं विचारलं.

"मुदर्रिसांनी रियाजीच्या तालीमसाठी मोमिनाबादेत हजर व्हावं. पाच हप्ते."

"म्हंजे?"

"म्हंजे मास्तरांनी पाच आठवडे गणित शिकायला अंबाजोगाईला जावं. हैदराबादच्या युनिव्हर्सिटीतनं प्रोफेसर येणार."

ओसरीत एकदम गलका झाला. मास्तरच शाळेत जाणार, याहून मोठा आनंद त्या सतरा पोरांना त्या वर्षी झाला नव्हता.

"जावा की," बंकट म्हणाला. "आन् त्या सायबाला येक इचारा, माजं दोन शेर कुठं गेलं."

"हैदराबादचा प्रोफेसर काय तुझी ज्वारी हुडकायला येतोय?"

"तुमाला न्हाई घावली म्हनून म्हनलं."

अंबाजोगाईला एका धर्मशाळेत तीस मास्तर उतरले. तीस मास्तर एका ठिकाणी म्हणजे तीस माणसं एकाच वेळी बोलणार आणि ऐकणारा एकही नाही. त्रिंबक मास्तरांच्या शेजारी उमापूरचे सुंदरराव मास्तर पथारी टाकून होते. पोट सुटलेलं, तपकिरीची डबी कायम उघडी, आणि कुठल्याही गोष्टीत जेवण आणण्याची हातोटी.

प्रोफेसर म्हणजे पिकली दाढी, जाड भिंगं असं काहीतरी सगळ्यांनी धरलं होतं. आला तो सव्वीस वर्षांचा पोरगा. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कपाळावर घाम. काझिम साहेब.

"आप सब मेरे वालिद की उमर के हैं," तो हात जोडून म्हणाला. "मैं क्या पढाऊं? आप ही कुछ सुनाओ."

हे ऐकून त्रिंबक मास्तर उठले. छाती पुढं काढून त्यांनी औटकी सुरू केली. एक औट औट, बे औट सात, तीन औट साडेदहा. तीसपर्यंत एका दमात. बाकीच्या मास्तरांनी टाळ्या पिटल्या. काझिम साहेबांनीही पिटल्या, आणि अगदी मनापासून.

"वाह मास्टर साब, वाह! अब इत्ता बोलो, बे औट सात कायकू?"

"कायकू म्हणजे?"

"हौ. सात कायकू? आठ कायकू नक्को?"

त्रिंबक मास्तरांनी टोपी सारखी केली. एकोणीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याला ओणवं उभं केलं असतं.

"पाढाच तसा हाय, साहेब," ते म्हणाले.

मग रोज तेच. साहेब फळ्यावर काही मांडायचे, मास्तर लोक फडाफडा उत्तर सांगायचे आणि साहेब मान डोलावून म्हणायचे, "सही. कायकू?" अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागताना दुसरा उलटा करून गुणायचं, हे तीसही जणांना येत होतं. कायकू म्हटल्यावर एकजण छताकडं, एकजण पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला.

"सुंदरराव साब, आप बोलो. उलटा कायकू करते?"

"भाकर उलटतो तसंच की, साहेब. न्हाई उलटली तर करपती."

काझिम साहेब इतके हसले की शेरवानीचं वरचं बटण सुटलं. मग त्यांनी खरोखरच भाकरी मागवली. अर्धी भाकरी पाव-पाव करून किती जणांना, पाऊण भाकरी पाव-पाव करून किती जणांना, असं करत करत तो उलटा अपूर्णांक भाकरीतनं बाहेर काढून दाखवला. नंतर सुंदररावांनी भाकरी खाल्ली.

त्रिंबक मास्तर सुरुवातीला फुरंगटून बसले होते. आठव्या दिवशी ते पुढच्या रांगेत आले. पंधराव्या दिवशी दुपारच्या वेळी, बाकीचे घोरत असताना, ते सुंदररावांना हलवून उठवत होते. "ऐका की. बे औट सात कावून, ते कळलं बघा. औट म्हंजे तीन आन् अर्धा. दोन तीन सहा, दोन अर्धे एक. सहा आन् एक सात!"

"एवढ्यासाठी उठवलं?"

"एकोणीस वर्सं म्हनत होतो ओ मी हे. आज कळलं."

चौथ्या आठवड्यात क्षेत्रफळ आलं. इथं मात्र त्रिंबक मास्तरांना कुणाचं भय नव्हतं. फळ्यापाशी जाऊन त्यांनी म्हाताऱ्या पटवाऱ्याचा कायदा खणखणीत आवाजात सांगितला. समोरासमोरच्या बाजू मिळवा, निम्म्या करा, गुणा.

"कायकू?" असं साहेब म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "एक चारपाई लाओ."

धर्मशाळेच्या अंगणात एक मोडकी बाज पडली होती. सुंभ कधीच तुटून गेलेलं, पाय झडलेले, नुसता चौकटीचा सांगाडा, चारी सांधे खुळखुळे. दोघांनी ती उचलून आणली आणि वर्गात मध्यभागी ठेवली.

"मास्टर साब, इसके अंदर लेटो."

त्रिंबक मास्तरांनी टोपी काढून सुंदररावांकडं दिली आणि चौकटीच्या आत जमिनीवर उताणे झोपले. अंगानं काटकुळे, ऐसपैस मावले.

"आराम है?"

"हौ साहेब. लई."

काझिम साहेबांनी बाजेच्या एका कोपऱ्याला पायानं हलकेच ढकललं. चौकट कलली. मास्तरांचं कोपर आत आलं.

"चार बाजू वही हैं? कोई लकडी छोटी हुई?"

"न्हाई साहेब."

"आपके कायदे से जगा उत्तीच है?"

"उत्तीच."

परत ढकललं. मास्तरांनी दोन्ही हात छातीवर घेतले. परत ढकललं, तसे ते कुशीवर वळले.

"अब?"

"कायद्यानं तेवढीच," मास्तर खालून म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

साहेबांनी शेवटचं ढकललं. लाकडावर लाकूड जवळजवळ टेकलं आणि मास्तर टुणकन बाहेर उडाले. सुंदरराव त्या फटीकडं वाकून बघत म्हणाले, "त्रिंबकराव, आता ह्यात तुमी न्हाई झोपू शकत. तुमचा कायदा तेवढा झोपंल."

तीस मास्तर हसून हसून गडाबडा लोळले. काझिम साहेब डोळे पुसत सांगायला लागले, की कललेल्या चौकोनाची कललेली बाजू मोजायची नाही, त्याच्या दोन बांधांमधलं सरळ अंतर मोजायचं, दोरी काटकोनात ताणून. चौकोन जितका कलेल तितकी जागा कमी.

त्रिंबक मास्तर मात्र हसत नव्हते. ते अजून जमिनीवरच बसले होते. पाटलांचं ओढ्याकाठचं वावर डोळ्यांपुढं आलं होतं. ओढा तिरका, म्हणून बांध तिरका, म्हणून वावर कललेलं. अगदी बाज कलली तसं. आणि बंकटचं जुनं वावर? चारी कोपरे काटकोनात.

त्यांनी पाटी ओढली. दहा शेरांच्या जागी आठ शेर. मग तीस काठ्यांच्या जागी किती? चोवीस. सरळ अंतर चोवीस काठ्या असणार. चाळीस गुणिले चोवीस नऊशे साठ. बाराशेतून गेले, राहिले दोनशे चाळीस. पेन्सिल पाटीवर तशीच टेकून राहिली. ह्या मोजणीला काठी लागली नव्हती, दोरी लागली नव्हती. बंकटच्या मुठीनं ती आश्विनात पेरतानाच करून ठेवली होती.

"काय झालं ओ?" सुंदररावांनी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवत विचारलं.

"दोन शेर घावलं," मास्तर म्हणाले.

पाच हप्ते संपवून मास्तर गावी आले ते घरी न जाता आधी ओढ्याकडं गेले. वावर रिकामं, उन्हानं तापलेलं. बांधावरनं बांधावर दोरी ताणली, काटकोन दोनदा तपासला, मोजलं. चोवीस काठ्या. वीतभरही इकडंतिकडं नाही.

घरी मनकर्णाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि त्यांचं तोंड बघून म्हणाल्या, "नापास झालाव का?"

"पास झालो. सनद येईल पोस्टानं."

"मग मेल्यावानी कावून बसलाव?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"हसतीस काय? सही माझी हाय कागदावर! गावात उद्यापासून कोण इचारंल मला?"

"त्याला न्हाई हसत. वीस वर्सं संसार केला तुमच्याबरुबर. मीठ जास्त पडलं तरी मीठच खारट म्हनायचा तुमी. माजं चुकलं असं तुमच्या तोंडातनं येकडाव ऐकावं म्हनून नवस बोलले असते मी. आन् आता ते ऐकायला भेटनार कुनाला, तर बंकटाला!"

"म्हंजे सांगू म्हनतीस?"

"नगा सांगू. कुनाला काय कळतंय? सायब हैदराबादला, बाज अंबाजोगाईला." त्यांनी तांब्या उचलला. "फकस्त मग वर्गात पोरांनी कावून इचारलं, की काय सांगनार ते ठरवून ठिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी चावडीत माणसं बोलावली. अर्जुनराव पाटील लोडाला टेकून बसले. त्यांचा सालगडी म्हाळू दाराशी उकिडवा बसला. बंकट आला तो मेंढरामागची काठी घेऊन. मास्तर म्हणाले, "अशा आणखी तीन आण," तसा तो घरातनं तीन घेऊन आला. मास्तरांनी चार काठ्यांची टोकं लोकरीच्या दोऱ्यानं सैल बांधली, चौकट केली आणि घोंगडीवर सरळ ठेवली. आत पायलीभर ज्वारी ओतून दाणा न् दाणा हातानं सारखा पसरला. कडेपर्यंत भरली, एकावर एक दाणा नाही.

"आता बघा, पाटील."

त्यांनी कोपरा धरून चौकट हळूहळू कलती केली. दाणे एकमेकांवर चढले, ढीग झाला, आणि मग काठीवरनं सरसर बाहेर सांडायला लागले.

"काठ्या त्याच हायत?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच की," माणसं म्हणाली.

"मग ज्वारी बाहेर कावून आली?"

हे विचारताना मास्तर स्वतःवरच इतके खूश झाले की आपण कशासाठी आलोय ते क्षणभर विसरले. बंकट विसरला नव्हता. सांडलेल्या दाण्यांकडं बोट करून तो ओरडला, "हे! हे माजं बी!"

"तुझंच, बंकट." मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वावर कललेलं हाय आन् मी ते सरळ धरलं. दोनशे चाळीसचा घाटा झाला तुला. माझं चुकलं."

मागं, खिडकीच्या बाहेर, कुणा बाईच्या बांगड्या वाजल्या. मास्तरांनी तिकडं बघितलं नाही. त्या बांगड्या त्यांना ओळखू आल्या होत्या.

बंकटनं मुंडासं काढलं, झटकलं. या खेपेला परत बांधायचं विसरला. "सात म्हैनं," तो म्हणाला, "सात म्हैनं बायको म्हनत होती मला, तुजी मूठ बिघडली."

"मूठ बिघडली न्हवती. मास्तर बिघडलंवतं," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांत आधी मास्तरच खोखो हसले.

"असंल," अर्जुनराव म्हणाले. ते हसले नव्हते. "पाच हप्त्यांत मास्तर लई हैदराबादी झालं. पर मोजनी तुमची, सही तुमची. मला गरिबाला काय ठावं? तुमी सारखं म्हनलाव, मी मान डोलवली."

"खरंय, पाटील. तुमाला न्हाई मी दोष देत."

"पर पाटील," बंकट पुढं सरकला, "ते वावर तुमी लई वर्सं कसलं. तुमी किती बी पेरायचाव?"

"मी काय स्वतः पेरतो व्हय रं? गडी पेरत्यात. त्यास्नी ठावं."

दाराशी बसलेल्या म्हाळूला वाटलं, मालकांनी आपल्याला विचारलं. तो अदबीनं उभा राहिला. "आठ शेर, मालक. दरसाल तुमीच मोजून देता की. नववा कदी लागला न्हाई."

कुणीतरी खोकलं. कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. म्हाळू, आपण काही चांगलं सांगितलं या समजुतीनं, परत खाली बसला. अर्जुनराव घोंगडीवरच्या ज्वारीकडं बघत राहिले.

मास्तर गुडघ्यावर पुढं झाले. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला होता, इतका की सतरा पोरांपैकी एकालाही तो त्यांचा वाटला नसता.

"पाटील, त्याच वावराला लागून तुमचं रान हाय. चाळीस काठ्यांच्या बांधाला धरून सहा काठ्या रुंद पट्टा सोडला, तर सहा गुणिले चाळीस दोनशे चाळीस. हिशेब फिटला. कागद मी नवा लिहितो, त्याच्यात माझी चूक माझ्या हातानं लिहितो, खाली सही करतो. तुमच्यावर बोलणं येऊ देत न्हाई. बोला, देताव का पट्टा?"

माणसं पाटलांच्या तोंडाकडं बघायला लागली.

अर्जुनराव उठले. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं, पायात जोडे सरकवले. म्हाळू लगबगीनं मागं निघाला, त्याला हातानंच बस म्हणून खूण केली. कुणाकडं न बघता ते चावडीच्या पायऱ्या उतरले. वाड्याकडं जायचं तर उजवीकडं वळायचं. पाटील डावीकडं वळले आणि उन्हात एकटेच ओढ्याच्या, सहा काठ्यांचा पट्टा जिथं सोडायचा त्या रानाच्या, वाटेला लागले.